हद्दीवरचा लायलॅक

"आपली जमीन लायलॅकपासून सुरू होते," असं पेना मावशीने सांगितलं, तेव्हा काम इतकं सोपं वाटलं की शनिवारी सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतो, असं मी रोसित्साला सांगून टाकलं. लायलॅक म्हणजे घमघमणाऱ्या फुलांचं झुडूप. रोसित्सा माझी बायको. पेना मावशी ही तिची मावशी. आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपते, त्यामुळे घरातला मध्यवर्ती भाग तिच्या ताब्यात असतो. चहा करायचा तरी तिच्या सरहद्दीतून जावं लागतं.

सरकारने तेव्हा नुकतंच ठरवलं होतं की सहकारी शेतीत ओढून घेतलेल्या जमिनी ज्याच्या त्याला परत द्यायच्या. त्याबरोबर आमच्या सगळ्या इमारतीला एकदम आजोबा आठवायला लागले. ज्यांना बाल्कनीतली मिरचीची कुंडी जगवता आली नव्हती ती माणसं जिन्यात थांबून आपल्या मातीच्या कसाबद्दल बोलू लागली. मग आपणच का मागे राहायचं?

"मावशी, आपल्या तुकड्यात पिकायचं काय?" मी विचारलं.

"दगड."

"आणि?"

"पाऊस बरा झाला तर बटाटे. तेही दगडाएवढे."

माझ्या डोळ्यांसमोर मात्र टोमॅटोच्या ओळी उभ्या राहिल्या. कडेला एक लहानशी लाकडी खोली, खोलीपुढे टेबल, टेबलावर राकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, गार बाटली, आणि टेबलामागे मी. माणूस पन्नाशीला आला की त्याला देशाचं काय होणार यापेक्षा टोमॅटोचं काय होणार याची चिंता जास्त वाटू लागते. यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. देशाला कीड लागली तर निदान मला कुणी बोलत नाही.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं नाव अस्पारुह. नाव एका प्राचीन खानाचं आहे, पण घरात मी अस्पो. व्यवसायाने दंततंत्रज्ञ. लोक 'कवळीवाला' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी लागायचं नाही हे आमच्या धंद्यात पहिल्यांदा शिकवतात. मावशीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कवळ्या मीच बनवलेल्या आहेत. माझं एखादं म्हणणं पटलं नाही की ती दोन्ही काढून पेल्यात ठेवते आणि मगच बोलते. माझ्याविरुद्ध बोलायला माझेच दात वापरणं तिला बरं वाटत नसावं.

तर मी आधी जमीन परताव्याच्या कार्यालयात गेलो. तिथे काराजोवाबाई बसतात. टेबलावर एक चिनीमातीची फुलदाणी, रिकामी, फुलदाणीमागे बाई.

"कामेन दोल गावच्या वरचा उतार?" बाई म्हणाल्या. "त्या बाजूचा नकाशा नाही."

"हरवला?"

"हरवला नाही. छत गळलं तेव्हा भिजला. मग वाळत घातला. मग वारा आला." नकाशा जणू रजेवर गेला असावा अशा आवाजात त्यांनी सांगितलं. "आता जागेवर कायमची खूण दाखवावी लागते. विहीर, मोठा खडक, झाड, असं काहीतरी."

"लायलॅक चालेल?"

"चालेल. पण लायलॅकच असला पाहिजे. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ आजोबांचा अक्रोड म्हणून विजेचा खांब दाखवत होते."

"आणि खूण सापडली नाही तर?"

"तर बदल्यात दुसरीकडे तेवढीच जमीन."

"दुसरीकडे म्हणजे?"

"कचरा टाकतात त्याच्या मागे," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी येऊन हे मावशीला सांगितलं. तिने शांतपणे दोन्ही कवळ्या काढून पेल्यात ठेवल्या. नंतर ती जे बोलली त्यातले शब्द कळले नाहीत, पण कचऱ्यामागे ती जाणार नाही एवढं मला आणि खालच्या मजल्यालाही समजलं.

खालच्या मजल्यावर इंजिनिअर दोचेव राहतात. जन्मभर त्यांनी मुरंब्याच्या बरण्यांना झाकण लावणाऱ्या यंत्रांची चित्रं काढली. निवृत्त झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या आयुष्याला झाकण लावायला येतात. मावशीचा आवाज ऐकून ते घरातल्या चपलांवरच वर आले.

"लायलॅक ओळखणं अगदी सोपं आहे," ते कोचाच्या कडेवर बसत म्हणाले. "वास घ्यायचा."

"दोचेव, हा सप्टेंबर आहे. फुलं मे महिन्यात येतात."

"मग पान बघायचं. पान हृदयाच्या आकाराचं असतं. मी येतो तुमच्याबरोबर. मला काही अडचण नाही."

त्यांना अडचण आहे का, असं मी विचारलंही नव्हतं.

शनिवारी आम्ही निघालो. माझ्या जुन्या गाडीने आम्हाला गावापर्यंत नेलं आणि तिथून पुढे चढाव बघून ती थांबली. मीही थांबलो असतो, पण दोचेव चालायला लागले होते. तो उतार म्हणजे पांढरे खडक आणि खडकांच्या फटींतून कमरेपर्यंत, डोक्यापर्यंत वाढलेली झुडपं. मावशीच्या लहानपणी तिथे शेतं होती म्हणे. सहकारी शेतीने ती ताब्यात घेतली, ट्रॅक्टर वर चढेना म्हणून सोडून दिली, आणि त्यानंतर तिथे झुडपांनी आपली सहकारी संस्था काढली. माझी पँट पहिल्याच काटेरी झुडपाने धरली आणि बराच वेळ सोडली नाही.

"हा बघा!" दोचेव ओरडले.

झुडूप होतं खरं. पानं गोलसर, कडेने जराशी लालसर.

"हृदयासारखी कुठे दिसतात?" मी म्हणालो. "ही तर गोल आहेत."

"अहो, पत्त्यांतलं बदाम घेऊन बसू नका. खरं हृदय गोलच असतं. डॉक्टरांना विचारा."

दातांच्या खाली काय काय असतं ते मी शिकलेलो नाही. त्यामुळे मी वाद घातला नाही. उलट, आपली जमीन सापडली म्हणून माझं मन भरून आलं. मी पानं हातात चोळली, नाकाशी धरली, चेहऱ्याला लावली. वास जरा उग्र होता, पण मातीची ओढ असते म्हणतात. रोसित्साचा जुना लाल रुमाल मी फांदीला बांधला, एक डहाळी घेतली आणि खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात मला दुसराच कुणीतरी दिसला. नाक भोपळी मिरचीसारखं लाल आणि तेवढंच मोठं. एक डोळा मिटलेला. रोसित्साने माझ्याकडे पाहिलं आणि हातातली किटली खाली ठेवली.

"अस्पो, तू लायलॅकशी मारामारी केलीस का?"

मी डहाळी मावशीपुढे धरली. मावशीने ती हातात घेतली, एक पान चुरगळलं, हुंगलं, आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "ही दुर्गंधी आहे."

"मावशी, मी कालच आंघोळ केली आहे."

"तुला नाही म्हणत, जावईबापू. या झुडपाचं नाव. दुर्गंधी. याची साल आमचे वडील कातडी कमवायला विकायचे. काहींच्या अंगावर उठते."

"मग लायलॅकचं पान कसं असतं ते तरी सांग."

मावशी विचारात पडली. "फुलं असली की मी लांबून ओळखते," ती म्हणाली. "फुलं नसताना त्याच्याकडे कोण बघतं?"

नाकाची सूज उतरेपर्यंत मी दवाखान्यात तोंडाला फडकं लावून काम केलं. आमच्या डॉक्टरांनी रुग्णांना सांगितलं की ही नवीन स्वच्छतेची पद्धत आहे. त्या काळात दोचेव वाचनालयातून वनस्पतींचं एक जाड पुस्तक घेऊन आले. चूक आपली झाली असं ते म्हणाले नाहीत. 'आपल्या निदानात सुधारणा झाली आहे' असं म्हणाले. पण पुस्तक मात्र खरोखर चांगलं होतं. लायलॅकची पानं फांदीवर जोडीजोडीने, समोरासमोर येतात, देठाशी बदामासारखी आणि टोकाला निमुळती, हाताला गुळगुळीत. फांदीच्या टोकाला एकच कळी नसते, दोन असतात, शेजारीशेजारी. आणि फुलं गेल्यावर तपकिरी बोंडं राहतात, ती वाळली की चोच उघडल्यासारखी दुभंगतात. दुर्गंधीची पानं एकाआड एक येतात. एवढं एक वाक्य आधी वाचलं असतं तर माझं नाक वाचलं असतं.

ऑक्टोबरात मी एकटा गेलो. दोचेवना सांगितलं नाही. सॉक्समध्ये जिना उतरलो. उतारावर पहिल्याच खडकाच्या फटीत एक झुडूप होतं. पानं समोरासमोर. टोकाला दोन कळ्या. फांदीवर उघड्या चोचींची बोंडं, एका झुबक्यात भुकेली पिल्लं बसावीत तशी. मी खडकावर बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा एका झुडपाला टोपी काढून नमस्कार केला.

मग मी मान वळवली. शेजारी दुसरा लायलॅक होता. त्याच्या पलीकडे तिसरा. खालच्या फटीत, वरच्या कड्यावर, ओढ्याच्या काठाला, जिथे बघावं तिथे जोडीची पानं आणि उघड्या चोची. ओळखायला शिकल्याचा हा तोटा. आधी मला एकही लायलॅक दिसत नव्हता, आणि आता त्याच्याशिवाय काही दिसेना. माझ्या सासुरवाडीची जमीन सबंध डोंगरावर जिथून बघाल तिथून सुरू होत होती.

काराजोवाबाईंनी हे ऐकून घेतलं. "म्हणजे रानटी लायलॅक," त्या म्हणाल्या. "रानटी असेल तर ते जंगल. जंगल परत देणं आमच्याकडे नाही. लावलेला असेल तर ते शेत. शेत देणं आमच्याकडे आहे. तुमचा रानटी नाही असं वनखात्याकडून लिहून आणा."

वनखात्यातले गृहस्थ फार प्रेमळ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून दिलं आणि सांगितलं की रानटी आहे असं ते केव्हाही लिहून देतील. रानटी नाही असं लिहिणं त्यांच्या अखत्यारीत येत नाही, कारण जे रानटी नाही ते त्यांच्या खात्यात नाहीच, आणि जे खात्यात नाही त्याबद्दल ते कसं लिहिणार? मला ते पटलं. सफरचंदही गोड होतं. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की आपण रिकाम्या हाताने आलो आहोत.

घरी सगळं सांगून मी खुर्चीत बसलो. मावशी वाटाणे सोलत होती.

"पण आपला तर पांढरा होता," ती म्हणाली.

मी खुर्चीत सावरून बसलो.

"काय पांढरा होता?" मी हळूच विचारलं.

"लायलॅक. डोंगरावरचे सगळे जांभळे. आपला एकच पांढरा. माझ्या आईने लग्नात माहेरून मुळी आणली होती."

"मावशी! हे तू आजवर सांगितलं का नाहीस?"

"तू लायलॅकचं पान कसं म्हणून विचारलंस. फूल कसलं म्हणून कुठे विचारलंस?"

रोसित्सा माझा हात धरून मला बाल्कनीत घेऊन गेली. तिथे मी भाजून सोललेल्या मिरच्यांच्या बरण्यांकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो.

पण खरं म्हणजे प्रश्न सुटला होता. काराजोवाबाईंनीसुद्धा मान्य केलं. "रानटी लायलॅक पांढरा नसतो," त्या म्हणाल्या. "निदान आमच्या कार्यालयाच्या माहितीप्रमाणे नसतो. पांढरा दाखवा, शेत घ्या. मे महिन्यात फुलं असताना पाहणी ठेवते. ही शेवटची तारीख. नंतर त्या भागाची फाईल बंद."

हिवाळाभर मी काही केलं नाही. असं शांत राहून वाट बघणं मला छान जमतं, आणि या गुणाची कदर आजवर कुणी केलेली नाही.

पाहणीच्या आदल्या आठवड्यात मी डोंगरावर गेलो, आणि त्या दिवसाबद्दल मला चेष्टा करता येत नाही. सगळा उतार जांभळा झाला होता. कुठे फिका, कुठे गडद, आणि मधून पांढरे खडक वर आलेले. वास इतका दाट की तो कपाळाला लागत होता. मधमाश्यांचा आवाज सगळीकडून येत होता. मी नुसता चालत राहिलो. काटे लागले ते घरी गेल्यावर कळलं. आणि वर, एका चौकोनी खडकाच्या आडोशाला तो उभा होता. पांढरा. खरोखर पांढरा, दुधावरच्या सायीसारखा. पायाशी रचलेल्या दगडांची एक पडकी ओळ होती. बांध. मावशीच्या आईचा बांध. मी रुमाल बांधला आणि या वेळी चेहरा लांब ठेवला.

पाहणीच्या दिवशी मावशीला वर न्यायचं होतं. तिने एकदा ठरवलं होतं की ती येणार. तिचे गुडघे मात्र येणार नव्हते. शेवटी स्वयंपाकघरातली खुर्ची घेतली, तिच्यावर मावशीला बसवलं, आणि पुढून मी, मागून दोचेव असे उचलून निघालो. रोसित्सा बानित्साचा, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पोळ्यांचा, डबा घेऊन बाजूने चालत होती. मावशीने काळा रुमाल आणि ठेवणीतला कोट घातला होता.

"डावीकडे घ्या. दोचेव, तू इंजिनिअर ना रे? मग मी तिरकी का?"

"बाई, यंत्र स्थिर जमिनीवर बसवतात," दोचेव धापा टाकत म्हणाले.

गेर्गोव्देनचा सण जवळ आला होता. त्या दिवसांत लोक हिरवी डहाळी आणि फुलं आणायला डोंगरावर येतातच. अर्धं शहर उतारावर होतं. प्रत्येकाच्या काखेत लायलॅकचा भारा. आमची मिरवणूक बघून लोक बाजूला झाले. एका म्हातारीने मावशीकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. मावशीने ती मान हलवून स्वीकारली.

भूमापक स्विलेन आधीच येऊन मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई लावून बसला होता. अबोल, उंच माणूस. त्याने नमस्काराऐवजी म्हटलं, "मला बिंदू द्या."

"बिंदू तो काय, त्या खडकामागे," मी ऐटीत म्हणालो आणि पुढे गेलो.

रुमाल होता. झुडूप होतं. जोडीची पानं होती, बांध होता. फूल मात्र एकही नव्हतं. सगळ्या फांद्यांची टोकं खुडलेली, ताजी, ओली.

आणि तेवढ्यात खालच्या वाटेने, दोन्ही हातांत पांढऱ्या फुलांचा भारा घेऊन जाणारी एक बाई मला पाठमोरी दिसली.

मी धावलो. पन्नाशीनंतर माणसाने धावू नये, आणि कोटात तर मुळीच धावू नये. पण फाईल बंद होणार होती. "अहो बाई!" मी ओरडलो. "थांबा! ती फुलं नाहीत, ती माझ्या मावससासूची जमीन आहे!"

असं वाक्य ऐकल्यावर कोणतीही बाई जे करील तेच तिने केलं. तीही धावायला लागली. खडकांवरून, झुडपांमधून, मधमाश्यांच्या घोळक्यातून आम्ही दोघं धावत होतो. बाजूची माणसं सरकून वाट देत होती. एकजण म्हणाला, "अहो, घरचं भांडण घरात करा." तिचा एक बूट निसटला. मी तो उचलला, सभ्य माणूस म्हणून. शेवटी ती सरकारी जीपला टेकून उभी राहिली, वळली, आणि मी बूट पुढे केला.

काराजोवाबाई होत्या.

आम्ही दोघंही बराच वेळ नुसते धापा टाकत होतो. बाईंना श्वास माझ्याआधी सापडला. त्यांनी चेहरा टेबलामागचा केला आणि विचारलं, "नाव? काय काम होतं?"

"बाई, ही फुलं..."

"ही मी दुसरीकडून आणली आहेत."

"कुठून?"

"ते सांगणं माझ्या अखत्यारीत नाही."

आता त्यांचीही अडचण समजून घ्या. झुडपाला पांढरी फुलं होती असं लिहायचं तर ती कुणी तोडली तेही लिहावं लागणार. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने पाहणीआधी पुरावाच खुडून नेला, हे कोणत्या कागदावर बरं दिसेल? आणि फुलं नव्हती असं लिहायचं तर मावशी कचऱ्यामागे जाणार. बाईंनी बूट घातला आणि माझ्याबरोबर वर आल्या.

वर स्विलेन म्हणाला, "बिंदू?"

मी बाईंच्या हातातली एक डहाळी मागितली. त्यांनी दिली. मी झुडपासमोर गुडघ्यावर बसलो, खुडलेली टोकं बघत गेलो आणि एका टोकावर ती डहाळी टेकवली. बसली नाही. दुसऱ्यावर टेकवली. सालीची फाटकी कड सालीच्या फाटक्या कडेला जुळली आणि तुटल्याची रेघसुद्धा दिसेना. मोडक्या कवळीवर तुटलेला तुकडा बसवावा तसा मी हात काढून घेतला, आणि डहाळी क्षणभर आपली आपण उभी राहिली. मग दुसरी बसवली. मग तिसरी. हिरव्या झुडपावर एका बाजूला पांढरी फुलं परत आली होती.

दोचेवनी घसा साफ केला. "एक सांगणं माझं कर्तव्य आहे," ते म्हणाले. "त्या पुस्तकात असंही लिहिलं आहे की रानातसुद्धा अगदी क्वचित पांढरा..."

रोसित्साने बानित्साचा मोठा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. एवढी चपळाई मी तिच्यात लग्नापासून पाहिली नव्हती. दोचेव चघळत राहिले, शास्त्र गिळत राहिले.

मावशी खुर्चीतून काराजोवाबाईंकडे बघत होती. "कुणासाठी तोडलीस गं?"

बाईंनी हातातल्या फुलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आईसाठी. तिला घराबाहेर पडता येत नाही. म्हटलं, एवढा सगळा जांभळा, त्यात हा एकच वेगळा..."

"मग घेऊन जा," मावशी म्हणाली. "फुलं ने. जमीन तेवढी ठेव."

बाई खडकावर बसल्या, मांडीवर कागद घेतला आणि बराच विचार करून लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे. 'पाहणीच्या वेळी खुणेचे झुडूप पांढऱ्या फुलांचे असल्याचे निश्चित झाले. काही फुले झुडपापासून वेगळी, परंतु कार्यालयाच्या सुरक्षित ताब्यात आढळली.' यात एकही शब्द खोटा नव्हता. स्विलेनने वाचून मान हलवली, झुडपाच्या बुंध्याशी खुंटी ठोकली आणि त्या दिवशीचं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "बानित्सा उरली आहे का?"

जमीन मिळाली. टोमॅटोंचं मात्र काही जमलं नाही. मी कुदळ घेऊन गेलो तेव्हा वनखात्यातले ते प्रेमळ गृहस्थ तिथे होते. त्यांनी सफरचंद कापून दिलं आणि सांगितलं की पांढरं झुडूप तुमचं, पण आतला सगळा जांभळा लायलॅक रानटी आहे आणि तो त्यांच्या परवानगीशिवाय काढता येत नाही. मी परवानगी मागितली. त्यांनी सांगितलं की जागा कागदावर शेत असल्यामुळे परवानगी देणं त्यांच्याकडे येत नाही. म्हणजे एका कार्यालयाला ते शेत आहे, दुसऱ्याला जंगल, आणि माझ्या पाठीला नुसते दगड. लाकडी खोलीऐवजी मी तिथे एक पाटी तेवढी रंगवून नेली, 'खाजगी जागा, फुले तोडू नयेत'. मावशीने ती ओल्या खडकावर उलटी ठेवायला लावली, आणि आम्ही तिच्यावर जेवायचं मांडलं.

तो पुढचा मे होता. डोंगर पुन्हा जांभळा झाला होता. मावशीची खुर्ची आम्ही वाटेला लागून, पांढऱ्या झुडपाशेजारी ठेवली होती. शहरातली माणसं वर येत होती. एक जोडपं हातात फुलं घेऊन आलं, म्हातारीला बघून बिचकलं. बाईने भारा पाठीमागे लपवला.

"आजी," ती म्हणाली, "ही जागा कुणाची आहे का?"

मावशीने कोट नीट केला. रुमालाची गाठ सारखी केली. घाई कसलीच नव्हती.

"माझी," ती म्हणाली.

बाईने ओशाळून फुलं पुढे केली.

"ठेव गं. आणखी तोड. त्या बाजूची तोड, तिकडे वास जास्त आहे."

ती दोघं खुश होऊन गेली. मी म्हटलं, झालं, आता मावशी डुलकी काढेल. पण तिची नजर वाटेवर होती. थोड्या वेळाने सायकल ढकलत एक माणूस आला, मान खाली घालून, आपल्याच तंद्रीत, आणि आमच्या पुढून तसाच वर जायला निघाला.

"ए बाबा!" मावशीने हाक मारली. "न विचारता कुठे चाललास?"

तो थांबला. "काय विचारायचं, आजी?"

"जमीन कुणाची, ते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग तो सायकल धरून सरळ उभा राहिला आणि नम्रपणे म्हणाला, "जमीन कुणाची आहे, आजी?"

"माझी," मावशी म्हणाली. "तोड हवी तेवढी."